एका सोलापुरी चादरीएवढी जागा

आमच्या गल्लीत एक अक्का राहतात, विडी वळतात. सकाळी जा, दुपारी जा, सूप मांडीवर घेऊन दारातच बसलेल्या असतात आणि बोलता बोलता बोटं चालूच. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या धाकट्या पोराला भांडणाच्या एका केसमध्ये अटक झाली. मी कोर्टाच्या आवारात टायपिंग करतो, जामीन अर्ज, अफिडेव्हिट, वकालतनामा असलं सगळं, त्यामुळं सोलापूरच्या पूर्व भागात आमच्याकडं कुणाच्या घरी असं काही झालं की लोक आधी माझ्याकडं येतात, वकिलाकडं नंतर. अक्का पण आल्या. मला वाटलं विचारतील जामीन कधी होईल, वकील किती घेईल. पण त्यांनी पहिलं काय विचारलं तर, "बाळा, तिथं झोपायला जागा किती देतात रे? त्याचे पाय लांब हाईत."

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं 'आरोपी सध्या न्यायालयीन कोठडीत आहे' हे वाक्य मी रोज टाईप करतोय, पण ती कोठडी म्हणजे किती बाय किती, तिथं पंखा असतो का, रात्री संडासला लागलं तर काय, हे कधी विचारलंच नव्हतं. मग मी नियम वाचायला घेतले, वकिलांना विचारलं, आत राहून आलेल्या दोन-तीन जणांशी बोललो, आणि एकदा कायदेविषयक शिबिराच्या निमित्तानं एका कारागृहात जाऊन बराक डोळ्यांनी बघितली पण. ते सगळं इथं लिहितोय, कारण अक्कांचा प्रश्न फक्त अक्कांचा नाहीये.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण निम्मे लोक इथंच चुकतात. पोलीस स्टेशनचं लॉकअप वेगळं आणि जेल वेगळं. अटक झाल्यावर २४ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं, हे घटनेच्या २२ व्या कलमातच आहे. तिथं पोलिसांनी चौकशीसाठी मागणी केली आणि कोर्टाला पटलं तर पोलीस कोठडी, म्हणजे पीसीआर, तेव्हा माणूस स्टेशनच्या लॉकअपमध्ये असतो. पोलीस कोठडी सगळी मिळून १५ दिवसांच्या वर देता येत नाही, फक्त १ जुलै २०२४ पासून जो नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्यात हे १५ दिवस तुकड्या-तुकड्यानं मागता येतात. पीसीआर संपली की एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि ती झाली की माणूस जेलमध्ये. लोकांना वाटतं एमसीआर झाली म्हणजे शिक्षा लागली. नाही हो. एमसीआर म्हणजे फक्त आता तो पोलिसांच्या ताब्यात नाही, कोर्टाच्या हुकमानं जेलच्या ताब्यात आहे. गुन्हा सिद्ध व्हायला अजून सगळी केस पडलीय.

जेलमध्ये पण दोन जाती पडतात, कच्चे कैदी आणि पक्के कैदी. कच्चा म्हणजे ज्याची केस चालू आहे, सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. १८९४ चा तुरुंग कायदा, इंग्रजांच्या काळातला, त्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की बायकांना वेगळं ठेवायचं, २१ वर्षांखालच्या पोरांना वेगळं, आणि कच्च्यांना पक्क्यांपासून वेगळं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या सरकारला सुद्धा हे कळत होतं की एकोणीस वर्षांचं भांडणात सापडलेलं पोरगं आणि मुरलेला गुन्हेगार एका बराकीत टाकायचे नाहीत. कच्च्या कैद्याला अंगावर स्वतःचे कपडे चालतात, त्याला सक्तीनं कामाला लावता येत नाही. कामाची सक्ती फक्त सक्तमजुरीची शिक्षा लागलेल्याला.

आता जागेचं. तुरुंग हा विषय राज्यांचा आहे, पण केंद्राच्या गृहखात्यानं २०१६ मध्ये एक आदर्श तुरुंग नियमावली काढली, सगळ्या राज्यांनी निदान एवढं तरी पाळावं म्हणून. त्यात मापं दिलीत आणि ती अगदी शिंप्यासारखी दिलीत. सगळे मिळून झोपतात त्या बराकीत माणशी ३.७१ चौरस मीटर जमीन. एकट्यासाठीच्या कोठडीत, म्हणजे सेलमध्ये, ८.९२ चौरस मीटर. आता चौरस मीटर म्हटलं की अक्कांना काय कळणार, मला पण नीट कळलं नाही, म्हणून फुटात काढलं. ३.७१ चौरस मीटर म्हणजे जवळजवळ ४० चौरस फूट. आणि आपली सिंगल सोलापुरी चादर पसरली की साधारण ५ फूट बाय साडेसात फूट भरते, म्हणजे साडेसदतीस चौरस फूट. म्हणजे नियमाप्रमाणं एका माणसाला मिळणारी जागा ही एका पसरलेल्या सोलापुरी चादरीएवढी, कडेला वीतभर जास्त धरा. त्यात झोपायचं, तिथंच उशाला आपली पिशवी ठेवायची, तिथंच बसायचं. सेल म्हणजे तसल्या अडीच चादरी.

हे मी अक्कांना त्यांच्याच घरात चादर पसरून दाखवलं. जमिनीवर वेलबुट्टीची लाल चादर, चारी कोपरे नीट ओढले, आणि म्हटलं, एवढी. अक्का बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "पुरंल की." आणि खरंच, एवढी मिळाली तर पुरते. नियम वाईट नाहीये. नियम लिहिणाऱ्यानं विचार केलाय. झोपायच्या ओट्याचं माप पण दिलंय, २ मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, म्हणजे साडेसहा फूट बाय अडीच फूट, लांब पायाचं पोरगं पण मावेल. एका बराकीत २० च्या वर माणसं नकोत असंही लिहिलंय. हवेचं सुद्धा माप आहे, बराकीत माणशी १५.८३ घनमीटर. ह्याला खालच्या जागेनं भागलं तर छताची उंची निघते साधारण १४ फूट. जुन्या जेलची छतं एवढी उंच का असतात हे मला तेव्हा कळलं. माणसं दाटीनं झोपली की उच्छ्वासाची गरम हवा वर जायला जागा पाहिजे, नाहीतर खाली झोपलेल्यांचा जीव घुसमटतो आणि एकाचा खोकला सगळ्यांना लागतो. टीबी जेलमध्ये बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त पसरतो तो ह्याच कारणानं, आणि खरूज, नायटा हे तर अंगाला अंग लागलं की आलंच.

पण अडचण अशी आहे की चादर एक आणि झोपणारे दीड.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढतो. २०२२ सालची बघा. देशातल्या १,३३० तुरुंगांत जागा ४,३६,२६६ लोकांची, आणि आत होते ५,७३,२२०. म्हणजे १०० च्या जागेत १३१. आपल्या महाराष्ट्रात त्या वेळी जागा साधारण २५ हजारांची आणि माणसं ४० हजारांच्या वर, म्हणजे १०० च्या जागेत १६० च्या आसपास. ही झाली सरासरी. सरासरीचा घोळ असा की एखादी खुली वसाहत अर्धी रिकामी असते आणि शहरातलं एखादं जेल दुप्पट भरलेलं असतं, दोन्ही मिळून आकडा बरा दिसतो. दुप्पट भरलेल्या बराकीत तुमची चादर मधोमध दुमडायची. अर्धी चादर म्हणजे ५ फूट बाय पावणेचार फूट, त्यात सरळ झोपता येत नाही, कुशीवर झोपावं लागतं, आणि एकानं कूस बदलली की शेजारच्याला बदलावी लागते. मला एकानं सांगितलं की आम्ही रात्री ओळीनं एकाच दिशेला तोंड करून झोपायचो, मध्येच कुणी पाण्याला उठला की परत आल्यावर त्याची जागा बुजलेली असायची, मग तो सकाळपर्यंत भिंतीला टेकून बसायचा.

मी जी बराक बघितली ती दिवसाची होती, दार उघडं होतं, माणसं बाहेर अंगणात होती, म्हणून दाटी दिसली नाही. दिसलं ते असं: लांबच्या लांब हॉल, दोन्ही बाजूला भिंतीला लागून गुंडाळलेल्या वळकट्या, प्रत्येक वळकटीवर ताट आणि पाण्याचा मग पालथा घातलेला, खिळा मारायला परवानगी नसते म्हणून पिशव्या खिडकीच्या गजाला नाडीनं बांधलेल्या. त्या नाड्या बघितल्या आणि मला अक्कांचं घर आठवलं, कारण तिथं पण खुंटी कमी आणि पिशव्या जास्त. एका टोकाला अर्ध्या उंचीची भिंत, तिच्यामागं संडास. अर्धी भिंत का, तर पहाऱ्यावरच्या शिपायाला डोकं दिसत राहिलं पाहिजे, कुणी आत जाऊन जिवाचं काही बरंवाईट करू नये म्हणून. कारण समजतं, पण रोज वीस-तीस माणसांदेखत असं बसायचं म्हणजे काय, हे तिथं उभं राहिल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही.

संडासाचा पण हिशोब नियमात आहे. रात्री बराकीतला एक संडास १० जणांमागं, दिवसा बाहेरचे धरून ६ जणांमागं एक. बराकीला संध्याकाळी सूर्य मावळायच्या सुमाराला कुलूप लागतं आणि उजाडल्यावर निघतं. म्हणजे साधारण बारा तास. संध्याकाळचं जेवण पाचच्या आसपासच हातात येतं, कारण कुलपाच्या आधी सगळं उरकायचं असतं, मोजणी करायची असते, आणि मोजणीत एक जरी माणूस कमी भरला तर सगळे तसेच बसून राहतात आकडा जुळेपर्यंत. मग रात्री नऊला भूक लागली तर काय, काही नाही, दुपारी ठेवलेली चपाती असली तर. आता बघा, २० च्या बराकीत ४० माणसं असली की दोन संडासांमागं वीस-वीस जण आणि बारा तास. पहाटे चारला नंबर लावणारे असतात ते उगीच नाही.

आणि सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू. एप्रिल-मे मध्ये ४२, ४३ डिग्री, दिवसभर तापलेली भिंत रात्री बारापर्यंत गरम वाफ सोडत असते. आपण काय करतो, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतो आणि अंथरूण वर नेतो, सगळं गाव वर झोपलेलं असतं. ज्याला सहा वाजता कुलूप लागलं त्याला गच्ची नाही. अक्कांनी पोराच्या अटकेनंतर गच्चीवर झोपणं बंद केलं, खालीच पत्र्याच्या खोलीत झोपायच्या. मी काही बोललो नाही. समजावून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

पाण्याचं माप नियमात माणशी दिवसाला १३५ लिटर आहे. पंधरा लिटरच्या नऊ बादल्या. आपल्याकडं इतकी वर्षं तीन-तीन, चार-चार दिवसाआड नळ येतो, त्यामुळं हा आकडा ऐकून काही लोक मला म्हणाले, अरे आम्हाला बाहेर राहून नाही मिळत तेवढं. त्यांचा राग मला कळतो. पण फरक एवढाच की आपण ड्रम भरून ठेवतो, शेजाऱ्याकडून आणतो, टँकरला फोन करतो, बोअरवर जातो. आतल्या माणसाला ह्यातलं काहीच करता येत नाही. त्याला जे काही मिळायचं ते एकाच हातातून मिळणार, तो हात आखडला की संपलं. म्हणून त्याच्यासाठी नियमात लिहावं लागतं, आणि ह्याच कारणासाठी ते पाळावं पण लागतं.

आत गेलेल्या माणसाचं नेमकं काय काढून घेतलेलं असतं? हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि चहाच्या टपरीवर मी ह्याच्यावरून लई वाद घातलेत. लोक म्हणतात, गुन्हा केलाय तर भोगू दे, तिथं काय पंचतारांकित हॉटेल पाहिजे का. १९७८ मध्ये सुनील बत्रा नावाच्या तिहारमधल्या, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं की माणूस जेलमध्ये गेला म्हणून त्याचे मूलभूत हक्क दाराबाहेर राहत नाहीत. कोर्टानं शिक्षा दिली ती बाहेर फिरण्यावर. झोपेवर नाही, औषधावर नाही, पाण्यावर नाही, आणि वरून मारहाण तर कुठल्याच शिक्षेत लिहिलेली नाही. बत्रांना फाशी व्हायचीय म्हणून आधीपासून एकट्यालाच डांबून ठेवलं होतं, तेही कोर्टानं चूक ठरवलं. पुढं त्याच बत्रांनी जेलमधून एक पत्र लिहिलं की इथल्या दुसऱ्या एका कैद्याला एका वॉर्डरनं, म्हणजे जेलच्या शिपायानं, पैशासाठी भयंकर मारलंय. साधं पत्र. कोर्टानं तेच याचिका म्हणून धरलं आणि डिसेंबर १९७९ मध्ये निकाल दिला, त्यात जेलमध्ये तक्रारपेट्या ठेवा, न्यायाधीशांनी भेटी द्या असे आदेश आहेत. म्हणजे आजही जिल्हा न्यायाधीश तुरुंग बघायला जातात तेव्हा ते उपकार म्हणून नाही, ते त्यांचं काम आहे.

एकांत कोठडीबद्दल लोकांच्या डोक्यात सिनेमातलंच चित्र असतं, जेलर चिडला की टाकलं अंधारात. कायद्यात असं नाही. एकांतवासाची शिक्षा कोर्टच देऊ शकतं, तेही सक्तमजुरीच्या कैद्याला, सगळे दिवस मिळून ३ महिन्यांच्या वर नाही आणि एका वेळी सलग १४ दिवसांच्या वर नाही. भारतीय न्याय संहितेच्या ११ आणि १२ व्या कलमात आहे, जुन्या पीनल कोडमध्ये पण होतं. जेलचा अधीक्षक शिस्तीसाठी वेगळं ठेवू शकतो पण त्याला पण मर्यादा आहेत, आणि १८९४ च्या त्याच जुन्या कायद्यात एक वाक्य आहे जे मला फार आवडलं. कोठडीत ठेवलेल्या कैद्याला कुठल्याही क्षणी अधिकाऱ्याला हाक मारता येईल अशी सोय तिथं असलीच पाहिजे, आणि २४ तासांपेक्षा जास्त ठेवलं तर डॉक्टरनं रोज एकदा बघितलंच पाहिजे. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी कैद्यांसाठीचे नियम नव्यानं मंजूर केले, नेल्सन मंडेलांचं नाव दिलेले, त्यात दिवसाचे २२ तास माणसाला माणसाशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास आणि सलग १५ दिवसांच्या वर तो चालणारच नाही असं म्हटलंय. येरवड्याला आणि मुंबईच्या आर्थर रोडला 'अंडा सेल' म्हणतात ते अंड्याच्या आकाराचं कडक बंदोबस्ताचं आवार, ते वेगळं प्रकरण, तिथं सुरक्षेच्या कारणानं ठेवतात.

जेलचं आणि सोलापूरचं नातं आजचं नाही. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ह्यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यावरून आपण रोज येतो-जातो. पण दुसरं एक नातं आहे ते कमी सांगितलं जातं. आपलं सेटलमेंट. आज त्या भागाला सेटलमेंट फ्री कॉलनी म्हणतात, आणि नवीन लोकांना वाटतं हे कुठल्यातरी हौसिंग सोसायटीचं नाव असेल. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या आणि पुढं त्यांना तारेच्या कुंपणात आणून ठेवलं, बायका-पोरांसकट, रोजची हजेरी, बाहेर जायला पास. खटला नाही, आरोप नाही, शिक्षा किती दिवसांची ते पण नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला, म्हणून 'फ्री'. एवढं सगळं झाल्यावर सुद्धा देशातल्या कितीतरी तुरुंग नियमावल्यांमध्ये विमुक्त जमातींच्या माणसाला सराईत गुन्हेगार समजायची वाक्यं तशीच पडून होती, आणि झाडलोट, संडास सफाई कुणी करायची, स्वयंपाक कुणी करायचा हे जातीवरून ठरवणारे नियम पण होते. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं सुकन्या शांता ह्या पत्रकार बाईंच्या याचिकेवर हे सगळे नियम घटनाबाह्य ठरवले आणि जेलच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. हा निकाल आला त्या संध्याकाळी मी आमच्या ऑफिसमध्ये तो मोठ्यानं वाचला, ऐकणाऱ्यात सेटलमेंटमधला एक ज्युनियर वकील होता, तो उठून बाहेर गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला.

बायकांचं थोडक्यात सांगतो. आईबरोबर ६ वर्षांपर्यंतचं मूल आत राहू शकतं, २००६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, त्या मुलाला कैदी म्हणून वागवायचं नाही, त्याचं दूध, लस, शाळा बघायची. २०२२ च्या आकड्यात अशा १,५३७ बायका आणि त्यांची १,७६४ मुलं होती. ही मुलं कुठल्याच गुन्ह्यात नाहीत.

आता परत त्या दीड माणसाच्या चादरीकडं येतो, कारण ही गर्दी होते कशानं हे समजल्याशिवाय काही कळणार नाही. सगळ्यांना वाटतं गुन्हे वाढले म्हणून जेल भरले. २०२२ च्या त्या ५,७३,२२० मधले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. चारातले तीन. म्हणजे बराकीत जे चार जण एकमेकांना चिकटून झोपलेत त्यातल्या तिघांचा गुन्हा अजून कुठल्या कोर्टानं धरलेलाच नाही. आणि ते आत का आहेत? काहींचे गुन्हे खरंच गंभीर आहेत आणि कोर्टानं जामीन नाकारलाय, ते समजू शकतो. पण काही जणांना जामीन मंजूर झालेला असतो आणि तरी ते आतच असतात. हे मी रोज बघतो.

जामीन मंजूर म्हणजे सुटका नव्हे. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं, समजा २५ हजारांचा वैयक्तिक जातमुचलका, म्हणजे स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार. हा लायक जामीनदार म्हणजे गरिबाच्या वाटेतला डोंगर. त्याच्याकडं सातबारा पाहिजे किंवा घराचा उतारा, घरपट्टीची पावती, पगाराची स्लिप, नाहीतर तहसीलचा ऐपतीचा दाखला. विडी वळणाऱ्या बाईच्या ओळखीत कोण असणार सातबारावाला? अक्कांच्या पोराचा जामीन झाला त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. मला घे म्हटलं तर घेतला पण मला खाववेना, कारण मला माहिती होतं. त्यानंतर एक पाहुणा तयार झाला, त्याचा दाखला निघायला आठ दिवस, दाखल्यात नावाचं स्पेलिंग चुकलं त्याला आणखी पाच दिवस, मग कोर्टाला सुट्टी. पोरगं ऑर्डर झाल्यावर एकोणीस दिवस आत होतं. त्या एकोणीस दिवसांत त्याला सोडायला कोर्टाची हरकत नव्हती, फक्त एक कागद नव्हता.

ह्यावर इलाज आहेत आणि ते तेव्हा मला माहिती नव्हते ह्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो. ३१ जानेवारी २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणं जामिनाच्या ऑर्डरची प्रत कोर्टानं त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जेलला ईमेलनं पाठवायची असते. जामीन होऊन ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलच्या अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे फुकट वकील देणाऱ्या सरकारी ऑफिसच्या, सचिवांना कळवायचं असतं, आणि तिथून वकील किंवा स्वयंसेवक आत जाऊन अडचण काय ते बघतो. जामीनदार मिळतच नसेल तर अट सैल करा असा अर्ज करता येतो. जामीनपात्र गुन्हा असेल आणि आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्टानं माणूस गरीब आहे असं धरून नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं असतं. शिवाय २०२३ पासून केंद्राची गरीब कैद्यांसाठी योजना आहे, कच्च्या कैद्याला जामिनासाठी आणि पक्क्याला दंड भरायला पैशाची मदत मिळू शकते, जिल्ह्याची समिती ते ठरवते, काही प्रकारचे गंभीर गुन्हे सोडून.

केस लांबली तर वेगळा हिशोब आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम. गुन्ह्याला जेवढी जास्तीत जास्त शिक्षा आहे तिच्या निम्मा काळ कच्चा कैदी म्हणून आत काढला की जामिनाचा हक्क, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांशवरच. साध्या चोरीला जास्तीत जास्त ३ वर्षं, म्हणजे पहिलटकराला १ वर्ष पुरे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केसेस चालू असतील तरी नाही. हा अर्ज जेलच्या अधीक्षकांनी स्वतःहून करायचा असतो. जुन्या केसेसना पण हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय. आणि शेवटी शिक्षा लागलीच तर कच्चा कैदी म्हणून काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात.

कुलपाशिवायचं जेल असू शकतं का, असं अक्कांनी मला एकदा विचारलं होतं. असतं, आणि लांब नाही. सांगोल्याच्या पुढं आटपाडी, तिथं स्वतंत्रपूर. औंध संस्थानानं १९३९ मध्ये तिथं कैद्यांची उघडी वसाहत सुरू केली. कैदी शेती करतात, घरच्यांबरोबर राहतात. पैठणला, येरवड्याला पण खुली कारागृहं आहेत. शिक्षा भोगत आलेल्या, वागणूक चांगली असलेल्या पक्क्या कैद्यालाच तिथं जागा मिळते. कच्च्याला नाही. म्हणजे ज्याचा गुन्हा सिद्ध झाला तो शेतात, आणि ज्याचा नाही झाला तो बराकीत, हे मला काही केल्या पटत नाही.

तुमच्या घरचं कुणी आत असेल तर लगेच करायच्या गोष्टी. भेटीला, म्हणजे मुलाखतीला जाताना आधार कार्ड न्या, ई-मुलाकात म्हणून व्हिडिओवर बोलायची पण सोय आहे, तिची नोंदणी मोबाईलवरून होते. घरची चादर, डबा परस्पर आत जात नाही, आधी विचारा नाहीतर गेटवरून परत आणावं लागतं, अक्कांनी ती लाल चादर दोनदा परत आणली. त्याला औषध चालू असेल तर डॉक्टरची चिठ्ठी वकिलामार्फत कोर्टात द्या आणि ऑर्डर घ्या, तोंडी सांगितलेलं राहून जातं. वकिलाला पैसे नसतील तर कोठडीतल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळतो, मिळकत कितीही असो, विधी सेवेचा फोन नंबर १५१०० आहे. आणि जामीन झाल्यावर सातवा दिवस उलटला तर वाट बघू नका. साध्या कागदावर, मराठीत, कैद्याचं नाव, केस नंबर, जामीन कधी झाला आणि कशामुळं अडलंय हे चार ओळीत लिहा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात द्या, तारखेचा शिक्का मारून एक प्रत स्वतःकडं ठेवा. लिहिता येत नसेल तर कोर्टाच्या आवारात आम्ही टायपिंगवाले बसलेलो असतो. ह्या एका अर्जाचे मी पैसे घेत नाही.